शारदा का बोलत नाही

“परत वाच,” सर म्हणाले.

मी परत वाचलं. पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र होतं, टाइप केलेलं, खाली हिरव्या शाईत सही. ‘आपली कादंबरी दोनदा वाचली. भाषा नेहमीप्रमाणे उत्तम. परंतु शारदा नवऱ्याशी बोलणं का टाकते हे अखेरपर्यंत कळत नाही. दोनशे पानं वाचक त्या कारणाची वाट बघतो आणि शेवटी त्याच्या हाती काहीच लागत नाही. तेवढं कारण स्पष्ट करावं. पंधरा दिवसांत पानं आल्यास दिवाळीआधी पुस्तक काढता येईल.’

“गाढव आहे,” सर म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, “पण खरं बोलतोय गाढव.”

आतून काकूंचा आवाज आला. “छाया, त्यांना सांग, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली.”

सर माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. स्वयंपाकघर तिथून आठ पावलं. त्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी मी आपलं म्हटलं, “सर, काकू म्हणतायत थेंब घालायची वेळ झाली.”

“तिला सांग, घालतो.”

“काकू, घालतो म्हणतायत.”

असा संसार बघितलाय कुणी? मी बघितला. आठ महिने त्या दोघांच्या मधे टपालाच्या पेटीसारखी उभी होते मी.

साल पंच्याऐंशी. मी बावीस वर्षांची. बी.ए. होऊन घरात बसलेली, नोकरी मिळत नाही, लग्न जमत नाही, आणि माधवनगरच्या आमच्या घरात दिवसभर मागांची खडखड. देवानं अक्षर तेवढं चांगलं दिलं होतं. तासगावकर सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. रिटायर झाले आणि तीन वर्षांत काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. त्यांच्या तीन कादंबऱ्या छापून आलेल्या, एकीला तर मोठं बक्षीस. चौथी डोक्यात होती आणि लिहायला डोळे नव्हते. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी रोज दहाच्या ठोक्याला सायकलवरून सांगलीत, खणभागात, त्यांच्याकडे जायची. ते सांगायचे, मी लिहायची, मग सगळं वाचून दाखवायची.

काकूंचा अबोला चौदा वर्षांचा होता. हे मला पहिल्याच आठवड्यात शेजारणीकडून कळलं. भांडण नाही, आदळआपट नाही. सरांचं जेवणखाण, पथ्यपाणी, कपडे, सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलायचं नाही. मी यायच्या आधी काकू भिंतीशी बोलायच्या. “पान वाढलंय,” असं भिंतीला सांगायच्या आणि आत जायच्या. मूलबाळ नव्हतं. माझ्याशी मात्र तोंडभरून बोलायच्या. मला भाकरी कशी थापायची ते त्यांनी शिकवलं, माझ्या आईनं नाही.

आणि सरांनी मला काय शिकवलं? कारण काढायला शिकवलं.

रस्त्याकडच्या सोप्यात बसून लिहायचा कंटाळा आला की ते म्हणायचे, “रस्त्यावर कोण चाललंय?” मी सांगायची. “एक बाई रोज टपालाच्या पेटीपाशी येते, पिशवीतून पाकीट काढते, परत पिशवीत घालते आणि जाते.”

“का?”

“पत्ता विसरली असेल.”

“पटत नाही. रोज कोण विसरतं?”

“टाकायचं धाडस होत नसेल. माहेरी लिहिलं असेल, मला न्यायला या म्हणून.”

“हां. हे पटतं.” मग बोट वर करून म्हणायचे, “माणूस उगाच काही करत नाही, छाया. उगाच फक्त देव करतो. आणि लक्षात ठेव, कारण कृतीएवढं मोठं पाहिजे. मुंगी चावली म्हणून कुणी घर पेटवून देत नाही.”

पटतं आणि पटत नाही. त्यांच्याकडे हे दोनच निकाल होते. ‘पटतं’ मिळालं की माझा दिवस सोन्याचा. घरी बापानं कधी बरं म्हटलं नव्हतं, त्यामुळे मला त्याची चटकच लागली होती म्हणा ना.

पत्र आलं त्या दिवशी मी बावळटासारखं विचारलं, “सर, तुम्हीच लिहिलीय शारदा. मग ती का बोलत नाही हे तुम्हाला माहीत असणारच की.”

सर हसले. आवाज खाली आणून म्हणाले, “माहीत असतं तर कादंबरी कशाला लिहिली असती मी?”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. आठ महिने जी शारदा मी लिहीत होते, ती आठ पावलांवर मटकी निवडत बसली होती, आणि मला अक्कलशून्य मुलीला तोवर कळलं नव्हतं.

“तुम्ही विचारलं नाही कधी?”

“पहिल्या महिन्यात विचारलं. ‘काही नाही’ म्हणाली. तेच तिचं शेवटचं बोलणं. आता ‘काही नाही’वर मी काय लिहू?” त्यांनी एकेक बोट दुमडत मोजलं. “माझ्या आईचा जाच म्हणावा, तर आई तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिलं पुस्तक छापायला तिच्या बांगड्या मोडल्या म्हणावं, तर त्या तिनं आपणहून काढून दिल्या. बाई म्हणावी, तर तेवढी माझी हिंमत नव्हती. एकही पटत नाही. मला वाटलं, लिहिता लिहिता सापडेल. दोनशे पानं झाली. नाही सापडलं.”

मग त्यांनी चेहरा स्वयंपाकघराकडे वळवला. दिसत नव्हतं तरी त्या दिशेला बघायची सवय गेली नव्हती त्यांची. “पुस्तक जाऊ दे खड्ड्यात,” ते म्हणाले. “मरायच्या आत मला एकदा कळायला पाहिजे गं, छाया. आणि तिनं एकदा बोलायला पाहिजे.”

मला रडू आलं. आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, हे कारण मी काढून देणार.

*

चार दिवसांनी काकूंनी मला माडीवर पाठवलं. “ट्रंकेतली शाल आण गं. माझ्यानं जिना होत नाही आता.” त्यांच्या पायांना तेव्हा सूज असायची, दोन भाकऱ्या झाल्या की स्टुलावर बसून धाप टाकायच्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायच्या, “वय झालं की माणूस फुगतंच.”

शाल काढताना ट्रंकेच्या तळाशी तान्ह्या बाळाची एक कुंची दिसली. लाल खणाची, पाठीवर गोंडे. नवी कोरी. कुणाच्या डोक्यावर कधी चढलेली नव्हती.

झालं! मी लेखनिक कसली, पोलीसच झाले. मूलबाळ नाही आणि ट्रंकेत कुंची. म्हणजे होऊन गेलेलं असणार, नाहीतर पोटात असतानाच. आणि सर तेव्हा कुठे होते? कुठेतरी भाषणाला, नाहीतर सत्काराला. सगळं पटापट जुळत गेलं. मी कुंची होती तशी ठेवली, शाल घेऊन खाली आले आणि कुणाला एक अक्षर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सर आडवे झाले. मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. काकू शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या शारदेला कारण पाहिजे ना?”

मी दाराकडे, सोप्याच्या दिशेनं बघितलं.

“भिंतीला कान असतात, तसे मलाही आहेत. आठ महिने ऐकतेय मी. कागद आण. मी सांगते, तू लिही.”

मी धावत जाऊन कागद आणला.

“लिही. शारदेची आई क्षयानं आजारी होती. शारदा दहा वर्षांची. डॉक्टरनं सांगितलं, आईला रोज दूध पाहिजे. घरात दूध कुठलं? शारदेचा दादा शाळा सोडून हळदीच्या वखारीत कामाला लागला. अंगभर पिवळा होऊन यायचा. त्याच्या कमाईचं ते दूध. आणायला मी जायची.”

“शारदा जायची,” मी म्हटलं.

“तेच. शारदा जायची. वाटेत निम्मं प्यायची आणि वरून नळाचं पाणी घालायची. भूक लागायची, बाई. दहा वर्षांचं पोर. आई प्यायची आणि म्हणायची, ‘आज दूध पातळ लागतंय गं.’ एवढंच. रागावली नाही कधी. आषाढात गेली.”

शेंगा सोलणारे हात थांबले नव्हते. आवाजही बदलला नव्हता.

“हे कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दिवस राहिले. नवरा म्हणाला, दूध पी. घशाखाली उतरेना. का पीत नाहीस, का पीत नाहीस, रोज पाठीस लागला. तेव्हा एकदा सांगितलं. सांगून बरं वाटलं. वाटलं, आता आपण दोघांनी मिळून हे उचललंय.”

“पुढे?”

“पुढे पुष्कळ वर्षांनी त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात एक कजाग बाई, दुधाला कधी शिवत नाही. का शिवत नाही? तर लहानपणी आईच्या तोंडचं दूध चोरून प्यायली म्हणून. सगळं होतं. हळद होती, नळाचं पाणी होतं, ‘आज दूध पातळ लागतंय’ हेसुद्धा होतं. लोकांनी वाहवा केली. पुण्याला बक्षीस घ्यायला गेला. आणि इकडे शिरोळहून दादा आला.”

आता हात थांबले.

“दारातच उभा राहिला. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. म्हणाला, ‘गोदे, हे खरं का?’ मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? त्यानं पुस्तक पायरीवर ठेवलं आणि गेला. त्या भाऊबीजेला मी ताट करून रात्रीपर्यंत बसले. आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.”

“आणि सर?”

“ते बक्षिसाची शाल पांघरून आले. दादा का येत नाही, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच ठरवलं. या माणसापुढे बोलायचं नाही. बोललं की ते कागदावर जातं. लिही हे, असंच लिही.”

मी लिहिलं. शेवटी काकू म्हणाल्या, “उद्या त्यांना वाचून दाखव. मी सांगितलं म्हणू नकोस. ऐकलं की त्यांचं त्यांना कळेल. मी दारात बसेन.”

“आणि मग?”

काकू जरा लाजल्या. पन्नाशी उलटलेली बाई लाजताना मी पहिल्यांदा बघितली. “ते नीट काही बोलले, तर उद्याचा चहा मी घेऊन जाईन.”

सोप्यातला चहा कायम मी न्यायची. काकू उंबरठ्यापर्यंत कप आणून मला द्यायच्या. त्या स्वतः नेणार म्हणजे काय, ते मला सांगायची गरज नव्हती.

*

आता मी काय केलं ते सांगते. चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी घरी गेले आणि तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मागांच्या खडखडीत बसून वाचला. आणि मला ते पटेना. दूध? एका पुस्तकात चार ओळी आल्या म्हणून चौदा वर्षं तोंड बंद? मुंगी चावली म्हणून घर पेटवल्यासारखं वाटलं मला. खरं कारण कुंची आहे, काकूंना ते जिभेवर आणवत नाही म्हणून त्या हे दुधाचं पुढे करतायत, असं माझ्या शहाण्या डोक्यानं ठरवलं. मोठी आली कारणं काढणारी!

दुसरं म्हणजे तो कागद सरांना चोर म्हणत होता. आंधळ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर मी ते कसं वाचायचं? माझ्यानं होणार नव्हतं.

आणि तिसरंही सांगून टाकते, आता लपवून काय करायचंय. मला माझंच कारण जास्त आवडलं होतं. ते सर ‘पटतं’ म्हणतील, हे मला ऐकायचं होतं.

मी नवी तीन पानं लिहिली. शारदेला सातवा महिना. नवरा परगावी सत्काराला. कळा सुरू झाल्या, घरात कुणी नाही. मूल गेलं. तो हार घालून परत आला तेव्हा शारदा लाल खणाची कुंची घडी करत होती. ती काही बोलली नाही. मनात साठवत गेली आणि पुढे एका दिवशी बोलणंच संपलं. लिहिताना मी स्वतः रडले. इतकं ते मला खरं वाटलं.

सकाळी गेले तर काकूंनी मोतिया रंगाचं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ओट्यावर ट्रे पुसून ठेवलेला, त्यात दोन कप. तीन नाही, दोन. मी बघितलं आणि तरी मागे फिरले नाही.

सोप्यात सर खुर्चीत बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात, उंबरठ्याशी पाट टाकून बसल्या. माझ्या पिशवीत दोन्ही होतं, काकूंचा कागद आणि माझी तीन पानं. मी माझी पानं काढली.

पहिल्या चार ओळींतच काकूंनी मान वर केली. मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय. कुणीतरी मनातलं ओळखलं म्हणून. असं वाटलं मला, देवा! मी आणखी रंगून वाचायला लागले. कुंचीशी आले तेव्हा त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

वाचून संपलं. सरांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“सुचलं, सर.”

“असं सुचत नाही. हे सांगितलेलं आहे.” ते खुर्चीतून उठले. हातांनी चाचपत दाराच्या दिशेनं दोन पावलं आले. “ती आहे ना तिथे? गोदा, आहेस ना? मी तेव्हा साताऱ्याला होतो गं. तार मिळाली होती मला. दुसऱ्या दिवशी माझं भाषण होतं, म्हणून एक दिवस थांबलो. सत्तावीस वर्षं झाली. तू एवढं धरून ठेवलंस? तू बोलली का नाहीस? मी यायला पाहिजे होतं. चुकलो मी. पदरात घे.”

मुख्याध्यापक होते ते. शाळेत त्यांची चप्पल वाजली की आम्ही श्वास धरायचो. त्यांनी माझ्यादेखत हात जोडले. आणि ज्या चुकीबद्दल जोडले, ती चूक काकूंच्या मनात नव्हतीच.

काकू उठल्या. भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं, आता बोलतील.

“छाया,” त्या म्हणाल्या, “चहा घेऊन जा.”

मी आत गेले. काकू माझ्याकडे पाठ करून चहा गाळत होत्या. थोडा चहा ओट्यावर सांडला.

“कुंची कुठे बघितलीस?”

“ट्रंकेत.” “काकू, मला वाटलं, खरं कारण ते असेल.”

“ते दुःख होतं गं. ते माझं मी गिळलं होतं. त्याचा त्यांच्यावर राग नव्हता माझा.” मग वळून त्यांनी हात पुढे केला. “माझा कागद दे.”

मी दिला. त्यांनी तो मागच्या दारी नेला. तिथे बंब पेटलेला होता, पाणी तापत होतं. कागद चार घड्या करून त्यांनी खालच्या जाळात सारला आणि तो पुरा जळेपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. परत आल्यावर माझ्या गालाला हात लावला. रागानं नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तूही शिकलीस हो,” म्हणाल्या.

एवढंच. त्या दिवसापासून काकू माझ्याशीही बोलल्या नाहीत.

मी पाया पडले, रडले, माफी मागितली. त्या मला जेवायला वाढायच्या, डब्यात लोणचं घालून द्यायच्या, पण शब्द नाही. आता थेंबाची वेळ झाली की नुसती भांड्यावर पळी वाजायची. सर म्हणायचे, “काय म्हणतेय ती?” आणि मी अंदाजानं सांगायची.

सरांना खरं सांगायचं मी रोज ठरवायची. पण ते इतके शांत झाले होते. “कळलं तरी,” म्हणायचे. “ती बोलली नाही, पण निदान मला कळलं. हेही थोडं नाही.” मग माझी जीभ उचलायची नाही.

पुस्तक दिवाळीच्या आधी आठ दिवस आलं. प्रकाशकांनी पत्रात लिहिलं, ‘शारदेच्या मौनाचं कारण वाचून आमच्याकडे सगळेच हेलावले. आता व्यक्तिरेखा उभी राहिली.’ पुस्तकाची एक प्रत काकूंच्या हातात द्यावी म्हणून मी आत गेले. त्यांनी ती पदरानं पुसली आणि फडताळात, डब्यांच्या मागे ठेवली.

*

पौषात काकू गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. शिरोळला तार केली होती. भाऊ आले नाहीत.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. घरात मी आणि सर. त्यांनी विचारलं, “छाया, एवढे महिने तू मधे होतीस. जाण्याआधी माझ्याबद्दल ती काही बोलली का?”

मग मात्र माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. वखार, हळद, नळाचं पाणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक, भाऊबीजेचं ताट. कागद, बंब. माझा अपराधही सांगितला. सांगताना हुंदके आवरत नव्हते. मला वाटलं, हा माणूस आता मला घराबाहेर काढेल. काढायलाच पाहिजे होतं.

सर डोकं मागे टेकून ऐकत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, “दुधाचं?”

“हो, सर. ते काकूंनी तुम्हाला सांगितलेलं.”

“छे गं. ते मला सुचलं होतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “मला चांगलं आठवतंय. पन्हाळ्याला शाळेची सहल गेली होती. एका टपरीवर दूधवाला पाणी घालत होता, ते बघून सुचलं. मी तेव्हा वहीत टिपूनसुद्धा ठेवलं होतं.”

“सर, मी शपथ घेऊन सांगते. काकूंच्या तोंडून ऐकलंय मी. मग त्यांचे भाऊ का आले नाहीत? काल बहिणीच्या तेराव्यालासुद्धा?”

“त्यांचं वाटणीवरून काहीतरी होतं. शिरोळच्या जमिनीचं.” त्यांनी हात लांब करून माझं डोकं शोधलं आणि थोपटलं. “तू पोर आहेस. ती गेली, आणि तुला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. माणूस गेलं की असं होतं. पण विचार कर. एका पुस्तकातल्या दोन पानांसाठी कुणी चौदा वर्षं नवऱ्याशी बोलायचं सोडतं का? कारण कृतीएवढं मोठं पाहिजे, छाया. एवढं शिकवलं तुला.”

“सर...”

“पटत नाही,” ते म्हणाले.

कागद असता तर दाखवला असता. आंधळ्याला काय दाखवणार, म्हणा. पण माझ्या हातात निदान असता तरी. मी फडताळातले डबे बाजूला सारून पुस्तक बाहेर काढलं. कारण सर म्हणत होते, “ते कुंचीचं पान वाच. मला झोप येत नाही अलीकडे. ते ऐकलं की ती जवळ असल्यासारखं वाटतं.”

मी वाचलं. तीनही पानं वाचली, माझी. आवाज कुठे कापला नाही. सर डोळे मिटून ऐकत होते आणि मधेमधे मान हलवत होते.

“पटतं,” शेवटी ते म्हणाले. “चहा घे गं थोडा.”

आत चहा करायला कुणी नव्हतं. मीच उठले. ओट्यावर तोच ट्रे होता. मी त्यात एक कप ठेवला आणि सोप्यात घेऊन गेले.